डाव्या गुडघ्याचा ऑक्टोबर

"पट्टी नवी दिसते," माझ्या मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"नवीच असणार. परवाच्या व्हिडिओत कुठे होती?" दुसरी म्हणाली. "बक्षीस द्यायला यायचं म्हटल्यावर पाय दुखायला नको?"

मी मागे वळले नाही. समोरच्या तक्त्यात पुढच्या मॅचची नावं लिहीत होते, ती लिहीत राहिले. दारातून हर्षाली आत येत होती. उजव्या घोट्याला निळी पट्टी, चालताना पाय किंचित बाहेर टाकलेला, चेहऱ्यावर पाहुणीचं हसू. पनवेलच्या आमच्या या हॉलमधून निघून देशासाठी खेळण्यापर्यंत पोचलेली ती एकटीच. लागोपाठ तिसऱ्या स्पर्धेतून माघार घेऊन ती घरी आली होती आणि घरी आहेच म्हणून जिल्हा स्पर्धेच्या बक्षिसांना तिला बोलावलं होतं.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मॅच चालू असताना पंखे लावत नाहीत. वाऱ्यानं शटल भरकटतं. खिडक्याही बंद, त्यांवर जाड पडदे. त्यामुळे ऑक्टोबरात आत उकडलेल्या भातासारखी वाफ कोंडते आणि त्या वाफेत माणसाचं कुजबुजणंही पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जातं. हर्षालीनं ते वाक्य ऐकलं असणार. तिनं तसं दाखवलं नाही. आणि मी कुणाला नावं ठेवू? त्या दोघी बोलायच्या आधीच माझी नजर त्या पट्टीवर गेली होती. भार टाचेवर जातोय की चवड्यावर, हे मी बघून घेतलं होतं.

ऑक्टोबर आला की मी अशी होते. बाहेर छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात, कळंबोलीच्या ट्रकांची धूळ पुन्हा बाल्कनीच्या कठड्यावर बसायला लागते, इमारतीत कुणाच्या तरी घरी दिवाळीच्या रंगाचा वास सुटतो. लोकांना या दिवसांत फराळ आठवतो. मला दुखण्यावर मारायचा स्प्रे आठवतो. तो थंड, झोंबणारा वास नाकात आला की मी अजून सोळा वर्षांची होते आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर बर्फ ठेवलेला असतो.

आमच्या वेळी निवड स्पर्धा नवरात्र संपल्यावर व्हायच्या. तेव्हा विमानतळासाठी उलव्याकडचा डोंगर फोडत होते. दुपारी सुरुंगाचा दबका आवाज यायचा आणि हॉलचे पत्रे क्षणभर थरथरायचे. आम्ही सर्व्हिस करता करता थांबायचो, थरथर संपली की पुन्हा करायचो. आता त्याच दिशेनं विमानं उठतात आणि मुली थांबतही नाहीत.

त्या ऋतूत आम्ही सगळ्याच एकमेकींवर नजर ठेवून असायचो. भिंतीवर ड्रॉ चिकटवला की आधी आपलं नाव, मग आपल्या वाटेत कोण, आणि मग ती कुठे बसलीय, काय बांधतेय, पाणी किती पितेय. कुणी वॉर्म-अपला उशिरा आली तर काहीतरी आहे. कुणी फार हसतेय तर नक्की काहीतरी आहे. मनगटाला पट्टी दिसली की अर्ध्या जणी विचारायच्या, "काय झालं गं?" आणि त्या विचारण्यात काळजी किती आणि चौकशी किती हे विचारणारीलाही सांगता आलं नसतं. मी विचारत नसे. मी मुळात कुणाशी बोलतच नसे. रोडपालीहून बाबांच्या स्कूटरवर यायचं, इंग्रजी शाळेतलं तोलूनमापून मराठी दोन-चार वाक्यांपुरतं वापरायचं आणि बाकी वेळ बघत राहायचं. न बोलणाऱ्या मुलीला सगळे हुशार समजतात. तीही एक सोय असते.

हर्षाली उरणच्या कोळीवाड्यातून यायची. गव्हाणवरून येणारी पहिली एसटी पकडून, खांद्याला रॅकेटची बॅग आणि हातात डबा. तिची आई मासळी विकायची. तिच्या बॅगेला सुकटीचा वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या. एकदा एकीनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "हर्षाली, आज शटल आणलंस की सुकट?"

"दोनी हाय," हर्षाली म्हणाली. "शटल तुज्यासाठी, सुकट माज्यासाठी. हरलीस की ये जेवाया."

तिला कधी राग आलेला मी पाहिला नाही. याचाही मला संशय यायचा.

सरांनी आम्हाला डबल्समध्ये एकत्र टाकलं, कारण दोघींनाही दुसरं कुणी घेत नव्हतं. मला घेत नव्हते कारण मी कोर्टवर तोंड उघडत नसे. डबल्समध्ये सतत ओरडावं लागतं, माझं, तुझं, सोड. पहिल्या दिवशी आमच्या दोघींच्या मधोमध तीन शटल पडली. हर्षाली जाळीपाशी आली आणि म्हणाली, "तू नको बोलूस गो. मी बोलतंय दोघींचा. तू खाली हात हलव, मला दिसंल." मग मी पाठीमागे हातानं खुणा करायचे आणि ती गळा काढून ओरडायची. मुलं हसायची. आम्ही जिंकायला लागलो तेव्हा हसणं थांबलं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शटलना वाफ द्यायची असते. कोरडी पिसं पटकन तुटतात. शटलच्या नळीची दोन्ही टोकं उघडून ती काही क्षण वाफेवर धरायची. हे काम माझ्याकडे होतं, कारण आमच्याकडे मोदकपात्र होतं. आई मोदकपात्राला वर्षभर बदकाच्या पिसांचा वास येतो म्हणून कुरकुरायची. त्या संध्याकाळी, निवड स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाच्या आधी, हर्षाली आमच्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. सिंगल्सच्या सेमीफायनलला आम्ही समोरासमोर आलो होतो. सकाळी ती मॅच, दुपारी सिंगल्सची फायनल, त्यानंतर आमची डबल्सची फायनल. सिंगल्स जिंकणारी एकटी राज्याच्या शिबिराला जाणार होती. डबल्सची जोडी जिंकली तर दोघी.

"डबल्स आपलीच हाय," हर्षाली वाफेवर नळी धरून म्हणाली. "शिबिराला एकाच खोलीत राहू. सिंगल्सचा काय तो बघून घेऊ."

तिला खरंच तसं वाटत होतं का, हे मी नंतर किती वर्षं तपासत राहिले.

दडपण म्हणजे काय, हे विचारलं तर मी हॉलच्या मागचं बाथरूम दाखवेन. प्रत्येक सिंगल्सच्या मॅचआधी मला तिथे उलटी व्हायची. नळ सोडून, आवाज लपवून. बाहेर बाबा गॅलरीत बसलेले असायचे, मांडीवरच्या हाताच्या बोटांवर माझे पॉइंट धरत. ते कधी ओरडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त माझा पॉइंट गेला की त्यांचं एक बोट मिटता मिटता राहायचं. कोर्टवरून मला ते बोट दिसायचं. समोरच्या मुलीचं शटल नाही दिसलं तरी बोट दिसायचं. डबल्समध्ये मला कधीच उलटी झाली नाही.

त्या सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले तर सर दाराशी उभे होते.

"अन्विता, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, सर."

"डावा?" त्यांनी माझ्याकडे नाही, कोर्टकडे पाहिलं. "काल मला जरा धरल्यासारखा वाटला."

मी खाली गुडघ्याकडे पाहिलं.

"हर्षालीला दुपारी ठाण्याच्या त्या मुलीशी खेळायचंय. ती मुलगी सकाळी अर्ध्या तासात मोकळी होईल. तुमची मॅच तीन गेम चालणार, मला माहितीये. दोघी दमाल, आणि फायनल तिसरीच घेऊन जाईल." मग थोडं थांबून, "तुझ्यापुढे शिक्षण आहे, सगळं आहे. तिच्यापुढे एवढंच आहे. तू समजूतदार आहेस."

एकाच क्लबच्या दोघी समोर आल्या की एकीनं दुसरीचे पाय वाचवायचे, ही रीत सगळ्यांना माहीत होती. कुणी ती बोलून दाखवत नसे. आदल्या वर्षी एकीचं पोट दुखलं होतं, त्याआधी एकीला ताप आला होता. कुणाच्या ड्रॉमध्ये काय दुखणार हे आम्ही आधी ओळखायचो. सरांनी मला गुडघासुद्धा निवडून दिला होता.

"थोडा दुखतोय, सर," मी म्हणाले.

मला आठवतंय, मी खोल श्वास घेतला आणि बाहेर कुणीतरी कापलेल्या संत्र्याचा वास आला. इतकं हलकं मला त्या अख्ख्या ऋतूत वाटलं नव्हतं. मी ते हर्षालीसाठी केलं असं लोकांना वाटलं असतं, कळलं असतं तर. खरं म्हणजे मला त्या दिवशी खेळायचंच नव्हतं. सरांनी दार उघडलं आणि मी पळाले.

टेबलावर एक वयस्क मॅडम बसल्या होत्या. सरांनी माझं नाव आणि कारण सांगितलं. मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, सिंगल्सच्या तक्त्यात माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं, मग दुसरा कागद ओढला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे काय?" सर म्हणाले.

"डबल्स," मॅडम म्हणाल्या. "दुखापतीनं एकातून माघार, तर सगळ्यातून माघार. या वर्षी नियम कडक आहे. फायनलला पुढे चाल समोरच्या जोडीला."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. ते हे विसरले होते. इतक्या वर्षांचा माणूस, ड्रॉ तोंडपाठ असलेला, एका मुलीचे पाय वाचवायच्या नादात तिची दुसरी मॅच विसरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता काय करायचं होतं? दुखत नाही म्हणायचं? मॅडमसमोर? हर्षाली तोवर बातमी ऐकून धावत आली होती. टेबलाला धरून उभी राहिली आणि त्या आडव्या रेघेकडे बघत राहिली.

"आमची डबल्स गेली?" तिनं विचारलं.

मग ती माझ्याकडे वळली. "लई दुखतंय का गो?"

मी मान डोलावली.

दुपारी तिची आई आली. उरणच्या बाजारातून तशीच उठून, पाटी कुणाच्या तरी ताब्यात देऊन, लेकीची फायनल बघायला. तिच्याकडे मासळीच्या पेटीतल्या बर्फाची पिशवी होती, डब्यातली कोलंबी गार राहावी म्हणून आणलेली. हर्षालीनं ती पिशवी ओढून घेतली, मला गॅलरीच्या पायरीवर बसवलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बर्फ डाव्या गुडघ्यावर दाबून धरला.

"राहू दे. तुझी मॅच आहे ना," मी म्हणाले.

"अजून येळ हाय."

"हर्षाली, वॉर्म-अप कर."

"गप गो. पाय हलवू नको."

बर्फाला समुद्राचा वास होता. वितळलेलं पाणी माझ्या पिंढरीवरून मोज्यात जात होतं. चांगला, धडधाकट गुडघा हळूहळू बधिर होत गेला, आणि थोड्या वेळानं खरंच दुखायला लागला. सुरुंगाचा आवाज आला, पत्रे थरथरले. तिची आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पोरीला कुनाची नजर लागली." मी भिंतीकडे बघत होते. माझ्या मनात एकच विचार चालू होता, हिला माहीत आहे का? सरांनी हिलाही सांगितलं असेल का? हे सगळं, हा बर्फ, ही मांडी, नाटकातलं माझं काम नीट व्हावं म्हणून चाललंय का?

हर्षालीनं ती फायनल सरळ दोन गेममध्ये जिंकली. जिंकल्यावर तिनं रॅकेट टाकली नाही, उडी मारली नाही. गॅलरीकडे बघून पाठ वळवली, हात खाली नेला आणि पाठीमागे आमची खूण केली. मी टाळ्या वाजवत होते, त्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही.

खोटं एकदा घरी आलं की त्याला जेवायला वाढावं लागतं. बाबांनी मला फिजिओकडे नेलं. रोज संध्याकाळी, दोन महिने. मी एका निरोगी गुडघ्याचे व्यायाम मन लावून केले. फिजिओ म्हणाला, रिकव्हरी उत्तम आहे. बाबा नातेवाइकांना फोनवर लिगामेंट हा शब्द सांगायला लागले, इतक्या सहज, की मलाही कधीकधी तो खरा वाटे. सर मला पुन्हा बोलवायला आले नाहीत. मग बारावी आली आणि बारावीसमोर कुणाचंच काही चालत नाही. माझ्या रॅकेटची पकड कपाटात चिकट झाली. हर्षाली शिबिराला गेली, तिथून हैदराबादला, तिथून विमानांत. तिचे मेसेज येत राहिले, मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवत राहिले.

त्या ऋतूतून माझ्याबरोबर एकच गोष्ट घरी आली. कुणी काही दुखतंय म्हटलं की मी आधी त्या माणसाला काय टाळायचंय ते शोधते. ऑफिसमध्ये कुणी आजारी पडलं की त्या दिवशीची मीटिंग आठवते. मावसबहिणीचं लग्नाला येणं पाठदुखीमुळे रद्द झालं, तेव्हा सगळे हळहळले आणि मी तिच्या सासूचं नाव पाहुण्यांच्या यादीत शोधलं. आणि हर्षाली. तिच्या प्रत्येक माघारीची बातमी मी दोनदा वाचली आहे. समोर कोण होतं, आधीच्या आठवड्यात काय झालं होतं. तिचे व्हिडिओ मी थांबवून, मागेपुढे करून पाहिले आहेत, कुठल्या पावलापासून ती लंगडते ते शोधत. खाली लोकांनी काय काय लिहिलेलं असतं. घाबरली. रँकिंग वाचवतेय. नाटकी. मी कधी काही लिहिलं नाही. पण मी ते सगळं वाचलं, आणि आपल्यासारखीच माणसं जगात आहेत असं वाटून मला थोडं बरंही वाटलं.

आता मी दरवर्षी या स्पर्धेत टेबलावर बसते. त्या मॅडम गेल्या, त्यांचं काम करायला कुणीतरी हवं होतं. पंखे बंद असतात, मी माघारीचे कागद घेते, दुखापतीच्या रकान्यात लिहिते आणि त्या मुलींच्या डोळ्यांत बघते. बहुतेक जणी जमिनीकडे बघतात.

हर्षाली टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. पाय समोरच्या स्टुलावर ठेवताना तिनं दात आवळले. हेही मी पाहिलं.

"काय गो अनू," ती म्हणाली. "टेबलावरची मॅडम झालीस."

"थांबतेस का जरा? बर्फ आणू?"

"आण."

कॅन्टीनमधून मी पिशवीत बर्फ आणला. या बर्फाला कसलाच वास नव्हता. तिनं पट्टी सोडली. खाली घोटा सुजलेला होता, कडेनं पिवळा-जांभळा. मागच्या दोघी गप्प झाल्या. मी तो रंग बघितला आणि माझ्या आत काहीतरी खाली बसलं, पण लगेच दुसरा विचार आलाच, हा घोटा खरा आहे, पण आधीच्या दोन वेळचं काय?

"तू पण बघतेस," हर्षाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सगळेच बघतात. डॉक्टर बघतो, कोच बघतो, आई पण बघते. मला विचारत कुणी नाय. बघतात फक्त."

मी बर्फाची पिशवी तिच्या घोट्यावर धरली. कोर्टवर दोन मुली तिसऱ्या गेममध्ये होत्या, एकोणीस-एकोणीस. बुटांचं किंचाळणं, शटलचा आवाज, मग शांतता.

"तुला एक सांगू? हसू नको," ती म्हणाली. "तुज्याशी सेमीफायनल पडली ना, तेव्हा मी एकवीरा आईला बोल्ले होते. तुमच्याच घरी, ओट्यापाशी. आपण शटलना वाफ देत होतो आणि मी मनात बोल्ले, आई, अनूशी खेळायला लावू नको. काय पण कर, पण ती मॅच नको."

मी पिशवी धरून होते.

"सकाळी तुजा गुडघा गेला." ती हसली, पण नीट नाही. "मी काय पण कर बोल्ले होते ना. मग तुझा खेळ पण गेला. घरी माज्या आईला सांगितला तेव्हा ती बोल्ली, येडी हायस का. पण बघ ना, दरवेळी मी वर चढतंय आणि पाय खाली वडतोय. मला वाटतं मी तुझ्या गुडघ्याचं फेडतंय गो."

ती हे विनोदासारखं सांगत होती. तिचे डोळे कोर्टवर होते. एका मुलीची सर्व्हिस जाळीत गेली. गॅलरीत कुणाचं तरी बोट मिटलं असेल.

इतकी वर्षं मी तिला तपासत होते. माहीत होतं का, सामील होती का, ती काळजी खरी होती का. आणि ती इतकी वर्षं माझ्या न दुखलेल्या गुडघ्याचा दोष आपल्या अंगावर घेऊन जगभर खेळत होती. माझ्यावर तिनं संशय घेतला नव्हता. घ्यायला हवा होता. तो एकच संशय बरोबर ठरला असता.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या दोघी ऐकत होत्या. पंखे बंद होते, मी काही बोलले तर ते पलीकडच्या भिंतीपर्यंत जाणार होतं. उठून बाहेर जाऊन बोलता आलं असतं. घरी गेल्यावर मेसेज करता आला असता. मला माझं माहीत आहे, मी तो केला नसता.

बर्फानं माझी बोटं बधिर झाली होती. मी पाठीमागे हात नेला, जुन्या सवयीनं, खूण करण्यासाठी. पण तिला शेजारी बसून ती दिसली नसती, आणि हे तिनं माझ्यासाठी ओरडून सांगण्यासारखं नव्हतंच.

"हर्षाली," मी म्हणाले, "माझा गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता. आपण डबल्स खेळू शकलो असतो."